डाव्या कोपऱ्याचा हात

कबड्डी म्हणजे मर्दानी खेळ, असं सांगत मिशीला पीळ भरणारे आमच्याकडं पायलीला पन्नास मिळतील. त्यांना एवढंच विचारावं की बाबांनो, मग त्या खेळात धिप्पाड गडी शाळेतल्या पोरांसारखे एकमेकांचे हात धरून का उभे राहतात? खरी गोष्ट अशी की समोरून चढाईला आलेला गडी एकट्याच्यानं आवरत नाही. म्हणून कोपऱ्यातल्यानं शेजारच्याचा हात धरायचा, दोघांनी मिळून दबा धरायचा, एकानं पाय धरला की दुसऱ्यानं अंगावर जायचं. याला साखळी म्हणतात. टीव्हीवरचे ते बोंबलणारे समालोचक साखळीबद्दल चकार शब्द काढत नाहीत, कारण तिच्यात दाखवण्यासारखं काही नसतं.

इंदापूर तालुक्यातल्या कळसच्या महिपतीनं सतराव्या वर्षी असा एक हात धरला, तो पस्तिशीपर्यंत सोडला नाही. बाईचा हात त्याच्या हाती कधी आला नाही, हेही इथंच सांगून टाकतो. मुली बघायला गेला होता. टीव्हीत दिसणारा जावई म्हणून पोरींच्या बापांना कौतुक वाटायचं, गप्पा रंगायच्या, मग कुणीतरी घसा खाकरून विचारायचं, "ते समदं खरं, पण पाव्हणं, नोकरी कुठं हाय?" कबड्डी खेळतो, असं म्हटलं की कुणीतरी चहाचे कप उचलायला लागायचं. असं चार-पाचदा झालं, तेव्हा महिपतीनं आईला सांगितलं, आता पुरं. तेव्हापासून त्याच्या आईनं, ठमाबाईनं, शेजारपाजारच्या लग्नांना जाणं सोडलं.

तर तो हात होता ज्ञानेशचा. ज्ञानेश बारामती तालुक्यातल्या लोणी भापकरचा. दोघं बारामतीत कॉलेजच्या संघात भेटले. ज्ञानेश डाव्या कोपऱ्यात, महिपती त्याच्या शेजारी. ज्ञानेशच्या उजव्या हातात महिपतीचा डावा हात. मैदानात बोलायची सोय नसते, बोललेलं समोरच्यालाही ऐकू जातं. म्हणून त्यांनी खूण ठरवली. ज्ञानेशनं अंगठा दाबून धरला की थांब, गडी अजून आत येऊ दे. अंगठा सैल सोडला की तुटून पड. एवढंच. या एवढ्याशा खुणेवर ते आधी जत्रांमधल्या मातीवर खेळले, मग जिल्ह्याकडून, मग राज्याकडून, आणि मोठी लीग सुरू झाली तेव्हा भीमथडी वॉरियर्सनं दोघांना जोडीनंच घेतलं. महिपतीचं डोळ्यांपेक्षा डाव्या तळहाताकडं जास्त लक्ष असायचं. ज्ञानेशचा अंगठा सांगेल ती पूर्व दिशा.

महिपती तसा बोलका नाही. गावात त्याला मित्र नाहीत असं नाही, पण पारावर बसला तर पाच मिनिटांत उठेल. ज्ञानेशजवळ मात्र तासन् तास बसायचा, तेही न बोलता. लोणीला गेला की ज्ञानेशची बायको माधवी विचारायची, "भाऊजी, आज मुक्काम ना?" आणि उत्तराची वाट न बघता त्याचं ताट वाढायची. ज्ञानेशची पोरगी छकुली त्याच्या खांद्यावर चढून कान ओढायची. महिपतीला घरदार म्हणून जे काही होतं ते असं, अर्धं कळसला आणि अर्धं लोणीला.

आणि मग यंदाच्या लिलावात जोडी फुटली. लिलाव म्हटलं की आम्हाला मार्केट यार्डातले डाळिंबाचे क्रेट आठवतात. खेळाडूंचाही तसाच होतो, फक्त तिथं एसी असतो. महिपतीला भीमथडीनं ठेवला आणि ज्ञानेश गेला कावेरी चार्जर्सकडं. महिपती बागेत फवारणीचा पंप पाठीवर घेऊन उभा होता, फोनवर बघत होता. पंप न उतरवता तो तसाच बांधावर बसला. तेवढ्यात ज्ञानेशचाच फोन आला.

"तोंड पाडून बसला असशील," ज्ञानेश म्हणाला.

"न्हाय."

"खोटं बोलू नगंस. आरं, एक सीझन तर हाय. दोघांचाबी शेवटचा. तू तिकडं खेळ, मी हिकडं. ते झालं की घरी. तुझ्या हिरीपाशी मैदान करू, पोरं जमवू. जोड्या बसवू, आपल्यागत."

"नक्की ना?"

"आईशप्पत."

महिपतीनं तेवढ्यावर सगळा सीझन काढायचं ठरवलं. विहिरीजवळचा तुकडा नांगरून मोकळा ठेवायला त्यानं आईला सांगितलं. ठमाबाई भडकली. "पान्याखालची जमीन पडीक ठिवतूस? लोकं तोंडात श्यान घालत्याल," म्हणाली. पण मैदान ज्ञानेश आणि महिपती मिळून करणार, हे कळल्यावर ती नरमली, कारण मग पोरगा घरी राहणार होता. तिनं तुकडा मोकळा ठेवला. कडेला वांग्याची चार रोपं तेवढी लावलीच, रिकामी जमीन तिच्यानं बघवत नाही.

सीझन म्हणजे काय, तर दर आठ-दहा दिवसांनी नवं शहर आणि तेच हॉटेल. विशाखापट्टणम असो, जयपूर असो, तीच गुळगुळीत लिफ्ट, तीच न उघडणारी खिडकी, तोच उकडलेला कोंबडीचा तुकडा. संघाचं नाव भीमथडी, पण भीमेचं पाणी प्यालेला त्यात एकटा महिपती. बाकी कुणी हरियाणाचा, कुणी तमिळनाडूचा, दोघं तर थेट इराणचे. कोचसाहेब हिंदीत समजावायचे आणि पंजाबीत शिव्या घालायचे. महिपतीला दोन्ही कळायचं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर माणसाला आपल्या बोलीत एखादी फालतू गोष्ट सांगावीशी वाटते, की आज वरणात मीठच नव्हतं बघ, असलं काहीतरी. ते सांगायला कुणी नव्हतं. पाचव्या-सहाव्या मजल्यावर तो मऊ गादीवरून उतरून खाली गालिच्यावर झोपायचा.

आईनं शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दिला होता. तो महिपती पुरवून पुरवून खात होता, पण खोलीत बरोबर होता जयबीर. हा हरियाणाचा, बावीस वर्षांचा, दरवाजात मावणार नाही असा गडी. डाव्या कोपऱ्यात ज्ञानेशच्या जागी आता हा. त्यानं एका बैठकीत अर्धा डबा दुधाबरोबर फस्त केला आणि वर म्हणाला, "भाईसाब, घर पे बोलो और भेजें." पोरगं मनानं वाईट नव्हतं. कानात ते गाण्याचं बोंडूक घालून दिवसभर डोलत बसायचं, एवढंच.

पण त्याच्याबरोबर साखळी जमेना. जयबीर हात असा धरायचाच नाही. दोन बोटं अडकवायचा, बसमध्ये कडी धरावी तशी. आणि मनात आलं की झेपावायचा. महिपती आपला अंगठ्याची वाट बघत उभा. जयबीरनं पाय धरलेला, आणि महिपती त्याच्यामागून अर्धा श्वास उशिरा. तेवढ्यात गडी निसटायचा. समालोचक म्हणायला लागले की अनुभवी महिपती आता थकलाय, पाय चालत नाहीत. थकलाय कसला डोंबल. माणूस वाट बघत होता.

एकदा सरावानंतर त्यानं जयबीरला खूण शिकवायचा प्रयत्न केला. हात हातात घेऊन अंगठा कसा दाबायचा, कसा सोडायचा, हे दाखवलं. जयबीर हसला. "आँख से देखो और कूदो, भाईसाब. अंगूठे में क्या है?" खरं तर पोराचंही चूक नव्हतं. पण त्या दिवशी महिपती जेवायला खाली गेला नाही.

ज्ञानेशचा फोन पहिल्या आठवड्यात रोज यायचा. कुठल्या चढाईत काय झालं, त्यांच्या कोचचं पोट किती सुटलंय, सगळं सांगायचा. मग एक दिवसाआड. मग "आरं, मीटिंग हाय, मागनं करतो." तो मागनं काही यायचा नाही. महिपती मेसेज करायचा, आज चांगला खेळलास. तिकडून नुसता अंगठा. आईनं तुकडा नांगरून घेतला, माती चांगली हाय. अंगठा. महिपतीला आधी बरं वाटायचं, म्हणायचा, वाचलं तरी. पुढं पुढं त्या पिवळ्या अंगठ्याचा त्याला राग यायला लागला आणि राग आल्याची लाजही वाटायला लागली.

दिवाळीत संघ जयपूरला होता. मालकांनी सुक्या मेव्याचे डबे वाटले. पाडव्याला महिपतीनं आईला व्हिडिओ कॉल लावला. ठमाबाईनं फोन उलटा धरला होता, त्यामुळं त्याला पत्रा आणि पत्र्याला टांगलेला आकाशकंदील दिसला. मग त्यानं ज्ञानेशला लावला. माधवी आणि छकुली दिवाळीला चेन्नईला त्याच्याकडं गेल्या होत्या. मागं समुद्राचा आवाज येत होता. "छकुलीला पान्यात न्यायलोय, करतो तुला," ज्ञानेश म्हणाला. महिपती खाली येऊन हॉटेलच्या सोफ्यावर बसला. तिथं माणसं तरी येत-जात होती. दारावरच्या वॉचमननं दोनदा बघितलं आणि आदबीनं विचारलं, "सर, किसी का इंतज़ार कर रहे हैं?" महिपती हो म्हणाला. मग हो म्हटलंय म्हणून त्याला बराच वेळ तिथं बसावं लागलं.

तरी सीझन पुढं सरकत होता. भीमथडी आधी हरत गेली, मग दोन इराणी जुळले, चढाया लागू पडल्या आणि संघ वर चढला. महिपती मधले काही सामने बाकावर होता. बदली पोराचा खांदा निखळला तेव्हा पुन्हा आत आला. बाद फेरीआधीचा शेवटचा सामना पुण्यात लागला, आणि समोर कोण, तर कावेरी चार्जर्स. जो जिंकेल तो पहिल्या सहांत, म्हणजे बाद फेरीत. हरेल त्यानं घरी जायचं, बरोबरी झाली तरी भीमथडीनं घरी जायचं, कारण त्यांचे गुण कमी होते.

महिपतीला त्या बाद फेरीचं काय पडलं होतं म्हणा. त्याला ज्ञानेश भेटणार होता. आदल्या दिवशी आईनं कळसच्या एका पोराबरोबर चटणीचा नवा डबा पाठवला, त्यातली अर्धी त्यानं वेगळ्या पुडीत बांधली. मेसेज केला, उद्या मॅचनंतर थांब, आयेनं चटणी दिलीय. अंगठा आला.

आता बघा, दोन पकडी करणारे गडी दोन संघांत असले, तर सगळा सामना संपला तरी ते एकमेकांना शिवत नाहीत. हा आपल्या अंगणात, तो आपल्या अंगणात. चढाईवाले तेवढे इकडून तिकडं जातात. महिपतीचा जन्म गेला तरी तो ज्ञानेशसमोर कधी उभा राहिला नव्हता; कायम बाजूला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं ज्ञानेशला समोरून खेळताना पाहिलं. पाय फाकवून खाली वाकलेला, ओठ मिटलेले, डोळे चढाईवाल्याच्या कमरेवर. आणि उजव्या हातात एका केरळच्या पोराचा हात. महिपतीची नजर तिथंच अडकली. ज्ञानेशचा अंगठा त्या पोराच्या हातावर दाबलेला होता. मग सैल झाला आणि पोरगं तीरासारखं सुटलं. म्हणजे खूण त्यालाही शिकवली होती. पोरगंही ती चांगली शिकलं होतं.

शेवटच्या मिनिटाला गुण समसमान झाले. शेवटची चढाई भीमथडीची. पण अंगणात उरले होते दोघंच, महिपती आणि जयबीर. चढाईवाले सगळे बाद होऊन बाहेर बसलेले. जयबीरचा पाय नुकताच मुरगळला होता, त्याला उभं राहवत नव्हतं. कोचसाहेब बाहेरून ओरडले, "महिपती, तू जा." अठरा वर्षांत महिपतीनं चढाई अशी केली नव्हती. स्टेडियममध्ये हसण्याचा आवाज उठला. नांगराच्या बैलाला घोड्याच्या शर्यतीत उतरवल्यासारखंच होतं ते.

तो मध्यरेषेला हात लावून कबड्डी कबड्डी करत आत शिरला. समोर तिघं उरले होते: मधे एक लठ्ठ तमिळ गडी, त्यांच्या डावीकडं ते केरळचं पोरगं आणि कोपऱ्यात ज्ञानेश. महिपतीनं ज्ञानेशकडं बघितलंच नाही. तो सरळ लठ्ठ गड्यावर गेला, पाय लांबवला, आणि काय नशीब बघा, त्याच्या गुडघ्याला याच्या पायाची बोटं लागली. पंचानं हात वर केला. शिवलं होतं. आता फक्त परत यायचं. परत आला की गुण, सामना, बाद फेरी, सगळं. स्टेडियम उभं राहिलं. महिपती वळला आणि पळाला. मध्यरेषा दीड पावलावर असताना मागून कुणीतरी त्याचा डावा हात धरला.

एका हातानं गडी अडत नाही, हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. नुसतं पुढं अंग टाकलं असतं तरी उजवा हात रेषेवर पडला असता. महिपती टाकणारच होता. तेवढ्यात त्या हाताचा अंगठा त्याच्या हातावर दाबला गेला.

आणि महिपती थांबला.

डोळ्याचं पातं लवेल एवढाच वेळ थांबला असेल, पण थांबला. हे सांगताना अजून माझं डोकं तापतं. त्यानं ठरवून केलं नाही; त्याच्या हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. तोवर केरळचं पोरगं कमरेत बसलं, लठ्ठ गडी पाठीवर आला, कबड्डी कबड्डी म्हणता म्हणता दम तुटला. शिट्टी झाली. मॅटवर तोंड दाबलं गेलेलं असताना महिपतीच्या मनात पहिली गोष्ट ही आली की ज्ञानेशच्या हातून चुकून झालं. सवयीनं दाबला बिचाऱ्यानं. आता त्याला किती वाईट वाटत असेल, म्हणून तो उठायची घाई करायला लागला.

सामन्यानंतर मोठ्या पडद्यावर ज्ञानेशची मुलाखत चालू झाली. महिपती चटणीची पुडी घेऊन बोळात थांबला होता, तिथूनही पडदा दिसत होता. माईक धरलेल्या बाईनं विचारलं, ती पकड कशी जमली? ज्ञानेश घाम पुसत हसला. हिंदीत म्हणाला, की आम्ही अठरा वर्षं एकत्र खेळलो, आमची एक खूण आहे, अंगठा दाबला की तो थांबतो. "मुझे पता था वो रुकेगा. वो हमेशा रुकता है." बाई खळखळून हसली. सगळं स्टेडियम हसलं.

मग ज्ञानेश आला. बोळातून दोन्ही हात पसरून आला, गळ्यात पडला. घामाचा वासही तोच, ओळखीचा.

"मप्या, नाराज न्हाय ना? खेळ हाय रं ह्यो."

"व्हय."

"तू माझ्या जागी असतास तर तूबी हेच केलं असतंस."

महिपतीनं विचार केला. त्याला खरंच विचार करावा लागला. "न्हाय," तो म्हणाला. "मला ते सुचलंच नसतं."

ज्ञानेश हसायला गेला, पण ते नीट जमलं नाही. कुणीतरी त्याला फोटोसाठी हाक मारली. पुडी महिपतीच्याच हातात राहिली. बसमध्ये ती त्यानं जयबीरला दिली, आणि मुरगळलेला पाय सीटवर ठेवून जयबीरनं ती सगळी खाल्ली.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"जेवलास का?" ठमाबाईनं विचारलं.

"जेवतो."

"त्यो हसाया लागला तवा म्या टीव्ही बंद केला."

"बरं केलंस, आये."

"घरी ये," ती म्हणाली.

महिपती घरी आला तो कायमचाच. भीमथडीनं पुढच्या सीझनला त्याचं नाव घेतलं नाही. ज्ञानेशला मात्र कावेरीवाल्यांनी त्या पकडीवर आणखी दोन सीझन ठेवला. ज्ञानेशनं फोन करून स्वतःच सांगितलं, "मैदान काय, कधीबी करता येतंय की. दोन वरसं कशीबी जात्यात." महिपती बरं म्हणाला. पुढच्याच आठवड्यात ठमाबाईनं विहिरीजवळच्या तुकड्यात वांगी वाढवली आणि महिपतीनं तिला सऱ्या पाडून दिल्या. दिवसभर बागेत, संध्याकाळी घरात. लोणीला गेला नाही. माधवीचा एकदा फोन येऊन गेला, भाऊजी, छकुली विचारतीय. पोरीची आठवण त्याला फार यायची.

चैत्रात कळसची जत्रा आली. आमच्या गावकऱ्यांना अक्कल थोडी, हौस भारी. मंडळाच्या पोरांनी चौकात दुमजली घराएवढा फ्लेक्स लावला, आणि त्यावर फोटो कुठला छापावा? त्याच पकडीचा. महिपती पुढं झुकलेला, तोंड वेडंवाकडं, मागून ज्ञानेशनं त्याचा हात धरलेला. खाली मोठ्या अक्षरांत, आपल्या मातीतले दोन हिरे. पोरांच्या मनात काही वाकडं नव्हतं. दोघं एका फोटोत असलेला, तोही टीव्हीवर आलेला, दुसरा फोटो त्यांना कुठून मिळणार? महिपती दूध घालायला रोज त्याच्याखालून जायचा. एकदा कुणीतरी म्हणालं, "मप्या, मस्त आलायस की." तो मान हलवून पुढं गेला.

जत्रेत आमच्याकडं एक सामना ठरलेला असतो, जुने विरुद्ध नवे. मातीवर. डाव्या कोपऱ्याला दरवर्षी ज्ञानेश आणि महिपती, बाहेरगावचा असून ज्ञानेश आमच्यातलाच मानलेला. यंदा तो गाडीनं आला, माधवी-छकुलीला घेऊन. त्याला फेटा बांधला, नारळ दिला, हलगी वाजली. छकुली पळत येऊन महिपतीच्या कमरेला बिलगली. त्यानं तिला उचललं, बराच वेळ उचलून धरलं, मग माधवीकडं दिलं आणि मैदानात उतरला. माधवीनं मुक्कामाचं विचारलं नाही. तिला कळलं असावं.

जुने रांगेत उभे राहिले. ज्ञानेश कोपऱ्यात वाकला आणि मान न वळवता उजवा हात बाजूला पसरला. सगळं गाव बघत होतं. महिपती क्षणभर त्या हाताकडं बघत राहिला, मग त्यानं आपला डावा हात दिला. तळहाताला तळहात लागला. घट्टे सगळे जिथल्या तिथं होते. आणि खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं, आणि त्याचंच त्याला सगळ्यात वाईट वाटलं.

नव्यांतलं एक चपळ पोरगं चढाईला आलं. नाचत नाचत डावीकडं सरकलं, पण अजून लांब होतं, पकडायच्या टप्प्यात नव्हतं. ज्ञानेशचा अंगठा दाबला गेला. थांब. खेळाच्या दृष्टीनं सोळा आणे बरोबर खूण होती ती.

महिपती थांबला नाही. त्यानं हात सोडवून घेतला आणि एकट्यानं झेप घातली. पोरगं टुणकन बाजूला झालं, त्याच्या पाठीला थाप मारून परत गेलं. महिपती मातीत पालथा पडला. लोक हसले. कडेनं कुणीतरी म्हणालं, म्हातारा झाला गडी. तो उठून गुडघे झाडत, बाद होऊन बाहेर जायला निघाला.

"आरं, दाबला व्हता की मी," ज्ञानेश हळू आवाजात म्हणाला.

"व्हय. कळला मला," महिपती म्हणाला.

हलगी वाजत होती, पोरं शिट्ट्या मारत होती. थोड्या वेळानं जुन्यांनी एक पकड केली आणि महिपती पुन्हा आत आला, आपल्या जुन्या जागेवर, डाव्या कोपऱ्याशेजारी. समोरून दुसरं पोरगं कबड्डी कबड्डी करत येत होतं. ज्ञानेशनं पुन्हा हात पसरला. महिपतीनं आपले दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवले आणि त्या पोराकडं स्वतःच्या डोळ्यांनी बघायला लागला. ज्ञानेशचा हात थोडा वेळ तसाच बाजूला राहिला, मग त्यानं तो मागं घेतला.